दैवाचा वाटा

'दैव' हा विषय संपादकांनी या अंकासाठी मुक्रर केला, तेव्हा ज्योतिष, लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यती यांवर अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत हे जाणून, ज्या ठिकाणी दैव आभाळातून उतरत नाही, तर कचेरीत बसलेली माणसे ते शेकडा किती या मापाने आधी ठरवून ठेवतात आणि मग लक्षावधी माणसे त्या ठरविलेल्या दैवापुढे आपल्या रात्री खर्ची घालतात, अशा एका प्रदेशाकडे मी वळलो. हा प्रदेश म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन इंटरनेटवर खेळावयाचे खेळ. त्यांत पराक्रमानंतर हाती येणाऱ्या वस्तू म्हणजे 'लूट', ती पडणे म्हणजे 'ड्रॉप', आणि तिच्यासाठी तेच ते काम महिनोन्‌महिने चिकाटीने करीत राहणे म्हणजे 'ग्राइंड'. हे खेळ उभारणाऱ्यांत आणि खेळणाऱ्यांत पंचवीस वर्षांहून अधिक काळ चाललेला एक वाद आहे, आणि तो मला आपल्या सर्वांच्याच विचाराचा वाटतो: कष्ट करणाऱ्याच्या पदरात काय पडावे, हे फाशाने ठरवावे की त्याच्या कष्टांनी?

गारचा वध

हिवाळ्यात युरोपात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतात. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचा सर्व्हर भारतात नसल्यामुळे इथले पुष्कळसे खेळाडू युरोपातील सर्व्हरवर जातात, आणि त्यामुळे तिकडच्यांची जेवणानंतरची करमणूक ही इकडच्यांची जागरणाची मोहीम होते. पुण्यात कर्वेनगरातील एका सदनिकेत, एका संगणक-अभियंत्याच्या खुर्चीमागे बसून, अशी एक मोहीम मी आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली. त्याची पत्नी पलीकडच्या खोलीत दुसऱ्या संगणकावर त्याच मोहिमेत होती. ती जखमींना बरे करणारी, तो पुढे उभा राहून घाव घालणारा वॉरियर. दोघेही चाळीस जणांच्या एका तुकडीतले, आणि उरलेले अडतीस जण कोणी पोलंडात, कोणी स्पेनमध्ये, कोणी तुर्कस्तानात.

हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत सुरू झाला. त्याची मूळ आवृत्ती, अनेक वर्षांनी खेळाडूंच्याच आग्रहावरून, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा खुली करण्यात आली. तिच्यातील 'मोल्टन कोर' नावाच्या ज्वालामय गुहेत गार नावाचा एक पाषाणदेही राक्षस असतो आणि त्याच्याभोवती आठ सेवक असतात. एकेका सेवकावर एकेका माणसाची नेमणूक होते. वॉरलॉक वर्गाचे खेळाडू त्यांतील काहींना मंत्राने बांधून निष्क्रिय ठेवतात, बाकीचे सेवक ढालकऱ्यांनी अंगावर घ्यावयाचे असतात, आणि मरताना प्रत्येक सेवकाचा स्फोट होत असल्यामुळे कोणाला कोठे आणि कोणत्या क्रमाने मारावयाचे, हे आधी ठरलेले असते. त्या रात्री एका वॉरलॉकचा मंत्र क्षणभर उशिरा पडला, एक सेवक मोकळा सुटून मागच्या रांगेत शिरला, आणि पलीकडच्या खोलीतून कळफलकाचा आवाज एकदम वाढला. तुकडी सावरली, गार पडला.

मग जे घडले ते पाहण्यासाठीच मी आलो होतो. गारच्या प्रेतात चाळीस माणसांसाठी अवघ्या दोन-तीन वस्तू असतात, आणि कोणत्या, हे तो पडेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. तो एकदा मेला की त्या तुकडीला पुढच्या आठवड्यापर्यंत परत भेटत नाही.

"पडलं का रे?" पलीकडून तिने विचारले.

"नाही. तलवार पडलीय."

जिची वाट पाहावयाची ती वस्तू म्हणजे एका बंधनाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा बॅरन गेडन नावाच्या दुसऱ्या राक्षसापाशी असतो, आणि ते दोन्ही मिळाल्यावाचून 'थंडरफ्युरी' ही विख्यात तलवार घडविता येत नाही. त्या रात्री बंधन नव्हते. दुसरी एक तलवार होती. ती हवी असलेल्यांनी फासा टाकावा असे ठरले, म्हणजे प्रत्येकाने एक आज्ञा टंकावयाची आणि यंत्राने एक ते शंभर यांतील एक आकडा द्यावयाचा. आमच्या यजमानाला १४ आला. हंटर वर्गाच्या एका नवख्या खेळाडूला, जो या तुकडीत त्याच रात्री प्रथम आला होता, ९१ आला. पडद्यावर अभिनंदनाचे शब्द भराभर उमटले, आणि आमच्या यजमानानेही ते मनापासून टंकले.

"काका, त्याला मिळाली याचं मला वाईट नाही वाटत," तो मागे वळून म्हणाला. "पण मी अकरा आठवडे येतोय, हे त्या फाशाला माहीतच नाही."

जमाखर्चाची वही

हे दुखणे जुने आहे, आणि त्यावरचा पहिला मोठा उपाय कंपन्यांनी नव्हे तर खेळाडूंनीच शोधून काढला, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत अभिमानास्पद वाटते. 'एव्हरक्वेस्ट' हा खेळ मार्च १९९९ मध्ये सुरू झाला. त्यात लेडी व्हॉक्स आणि लॉर्ड नागाफेन नावाच्या दोन ड्रॅगनांना मारण्यासाठी माणसांचा मोठा जमाव लागे, आणि ड्रॅगन पडल्यावर वस्तू मात्र मोजक्या निघत. त्याच वर्षी 'आफ्टरलाइफ' या संघाची उभारणी होत असताना, 'थॉट' या टोपणनावाने वावरणाऱ्या एका खेळाडूने त्यासाठी एक हिशेबपद्धती बसविली. ड्रॅगनांच्या वधावरून तिला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' असे नाव पडले, आणि डीकेपी या आद्याक्षरांनी ती पुढे जगभर पसरली.

पद्धत अशी की, मोहिमेला वेळेवर हजर झालात की इतके गुण जमा, राक्षस पडला की इतके जमा, आणि काही संघांत तर राक्षस न पडता रात्रभर हार खात राहिलात तरी टिकून राहिल्याबद्दल थोडे जमा. वस्तू घेतली की तिच्या किमतीइतके गुण खर्ची. किंमत कोठे ठरलेली, कोठे लिलावाने लागणारी. हे सारे खेळाच्या बाहेर, कोणा एका कारकुनी वृत्तीच्या सभासदाने सांभाळलेल्या तक्त्यात लिहिले जाई, आणि त्या तक्त्यावर कोणत्याही सरकारचा शिक्का नसताना, एकमेकांची तोंडेही न पाहिलेली माणसे त्याचा निर्णय शिरोधार्य मानीत. खळ्यावर रास पडल्यावर जसा बलुतेदाराचा वाटा वर्षभराच्या कामावर ठरे, त्या दिवशी तो खळ्यावर किती हुशारीने उभा राहिला यावर नव्हे, तसाच हा हिशेब होता: काय पडावे हे दैवाकडे ठेवलेले, पण पडलेले कोणाला जावे हे मात्र चाकरीवर.

कोणत्याही दफ्तराला जे रोग लागतात ते यालाही लागले. जुन्या सभासदांपाशी गुणांचा एवढा साठा होई की नव्याला वर्षभर काही मिळण्याची आशा उरत नसे, म्हणून काही संघांनी दर आठवड्याला सर्वांच्या शिलकेत शेकडेवारीने घट लावण्याचा नियम केला. गुण नुसते वाढतच गेले की त्यांचे मोल उतरते, हे ध्यानात आल्यावर दुसऱ्या काहींनी असा शिरस्ता पाडला की, एकाने वस्तूसाठी खर्चलेले गुण त्या मोहिमेतील उरलेल्यांत समान वाटावयाचे, म्हणजे एकूण बेरीज सदैव शून्यच. आणखी काहींनी वहीच बंद करून पंच नेमले, आणि कोणाच्या हाती वस्तू गेली असता संघाचे अधिक हित होईल ते त्यांनी ठरवावे असे केले. या पद्धतीत शहाणपण पुष्कळ, परंतु पंचांचे मित्र कोण याची कुजबुजही तितकीच, आणि तिच्यापायी चांगले चांगले संघ फुटले.

अलीकडे एक चौथी तऱ्हा बोकाळली होती. वस्तूचा लिलाव खेळातील सोन्यावर करावयाचा आणि जमलेली रक्कम मोहिमेच्या अखेरीस सर्वांत वाटून द्यावयाची. वरवर पाहता यात कोणीच रिकाम्या हाताने परतत नाही. पण ते सोने खऱ्या पैशाने बाहेरून विकत घेणारे लोक लिलावात उतरले, आणि ज्याने राक्षसाला हात लावला नाही त्याच्या खिशाला, रात्र जागविणाऱ्याच्या कष्टांहून अधिक किंमत आली. २०२४ च्या नोव्हेंबरात उघडलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या नव्या सर्व्हरांवर कंपनीने या लिलावास बंदी घातली, ते माझ्या मते योग्यच झाले.

शेकडा चार

गारपाशी बंधन पडण्याची शक्यता, खेळाडूंनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या नोंदींवरून, शेकडा तीन ते चार मानली जाते. चार धरू. सामान्य माणसाचे मन या आकड्याचे भाषांतर 'पंचवीस वेळा गेलो की एकदा मिळेल' असे करते, आणि सव्विसाव्या आठवड्यापासून आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्याला वाटू लागते. वस्तुतः पंचवीस आठवडे जाऊनही रिकाम्या हाताने परतणारे शंभरांत छत्तीस निघतात. पन्नास आठवड्यांनंतरही तेरा. आणि शंभर आठवड्यांनंतर, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे एकही आठवडा न चुकविता, दीड-दोन माणसे तशीच उभी असतात. हजारो तुकड्या खेळतात त्या ठिकाणी अशा अभाग्यांची संख्या लहान नसते. फाशाला स्मरणशक्ती नाही, हे गणिताच्या पुस्तकातील निरुपद्रवी वाक्य. पण ज्याने दोन वर्षे खर्चली आहेत त्याच्या आयुष्यात ते फार कठोर होऊन उतरते, कारण त्याची पहिल्या नव्व्याण्णव रात्रींची मेहनत शंभराव्या रात्रीला कसलीच मदत करीत नाही.

यावरचे यांत्रिक उपाय अवघड नाहीत. याच कंपनीच्या २००२ मधील 'वॉरक्राफ्ट ३' या खेळात काही आघातांची शक्यता अशी रचलेली होती की, प्रत्येक हुकलेल्या वेळेगणिक ती वाढत जावी आणि लागल्यावर पुन्हा मूळ पदावर यावी. म्हणजे तिथल्या फाशाला थोडीशी स्मरणशक्ती दिलेली होती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या २००७ मधील विस्तारात राक्षस पडला की वस्तूबरोबर एक निश्चित पदक मिळू लागले, आणि ती पदके साठवून ठरावीक वस्तू दुकानदाराकडून घेता येऊ लागल्या. २०२० पासून आठवड्याच्या अखेरीस एक तिजोरी उघडते. आठवडाभर जितके काम केले असेल तितके, जास्तीत जास्त नऊ पर्याय तिच्यात मांडलेले असतात, आणि त्यांतील एक उचलावयाचा असतो. दैव आहे, पण ते पर्याय मांडून बाजूला होते, निवड माणसाची.

तेच साधन विक्रेत्याच्या हाती गेले की त्याचा अर्थ पालटतो. 'गेन्शिन इम्पॅक्ट' या २०२० च्या खेळात सर्वोच्च दर्जाचे पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर खेपेला शेकडा ०.६, आणि नव्वदाव्या खेपेला ते हमखास. खेळाडू याला 'पिटी' म्हणतात. दुर्दैवी माणसाला यात खरोखरच एक आधार आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु सत्तर खेपा झालेल्या माणसाला उरलेल्या वीस विकत घेण्याचा मोह पाडणारीही हीच हमी असते. गारच्या गुहेत हमी असती तर तिने कष्टांना मान दिला असता. इथे ती पाकिटापाशी उभी आहे.

ब्याण्णव आणि नव्व्याण्णव

मग दैव समूळ काढून टाकावे काय? इंग्लंडातील केंब्रिज येथे घडलेल्या आणि २०१३ च्या फेब्रुवारीत जुन्या रूपात पुन्हा सुरू झालेल्या 'ओल्ड स्कूल रुनस्केप' या खेळाकडे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर अधिक नीट देता येते. यात लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, खाणकाम अशी अनेक कौशल्ये आहेत. प्रत्येकाची पायरी १ ते ९९. नव्व्याण्णवाव्या पायरीला १,३०,३४,४३१ अनुभव-अंक लागतात. ब्याण्णवाव्या पायरीला ६५,१७,२५३, म्हणजे जवळजवळ निम्मे. ब्याण्णवावर पोचलेला माणूस 'झाले, आता सात राहिल्या' असे म्हणत नाही. अर्धी वाट राहिली हे त्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हीच या पद्धतीची प्रतिष्ठा आहे. तोडलेले प्रत्येक लाकूड लिहिले जाते, आणि लिहिलेले कोणी पुसत नाही.

तरीही केवळ वहीत अंक चढविणे म्हणजे प्रगती, असे मी म्हणणार नाही. एकाच झाडापाशी तासन्‌तास उभे राहून लाकडे तोडणाऱ्याचे हात शेवटी जेथे होते तेथेच राहतात. अर्थपूर्ण प्रगती मी तिला म्हणेन, जिच्यात खेळाडू स्वतः बदलतो, आणि त्या बदलाची खेळाच्या नियमांकडून कबुली मिळते. याच खेळात २०१७ मध्ये 'इन्फर्नो' नावाची एक परीक्षा आली. एकट्याने, एका दमात, शत्रूंच्या एकोणसत्तर लाटा परतवावयाच्या; शेवटच्या लाटेत झुक नावाचा महाकाय प्रतिस्पर्धी, त्याच्या मारापासून वाचविणारी एक सरकती ढाल, आणि तिच्या आडोशाने आपणही सरकत राहावयाचे. कित्येक तासांची मेहनत अखेरच्या लाटेत एका चुकीने जाते. पण जो पार पडतो त्याला तेथील झगा मिळतोच. त्यात शेकडा अमुक अशी अट नाही. दैवाला जागा आहे ती एवढीच की, शंभरांत एका विजेत्याला झग्याबरोबर एक लहानसा प्राणी मिळतो, जो त्याच्या मागे मागे चालतो आणि सामर्थ्यात कसलीही भर घालीत नाही. दैवाचा वाटा इतकाच असावा. आनंदाला अनपेक्षिताची गरज असते, हक्काला नसते. या खेळात महत्त्वाचे बदल खेळाडूंच्या मताला टाकले जातात आणि ठरलेले मताधिक्य मिळाल्यावाचून ते अमलात येत नाहीत, ही गोष्टही या संदर्भात विसरण्यासारखी नाही.

उलट टोकाचे उदाहरण २०१४ च्या सप्टेंबरात 'डेस्टिनी' या खेळात दिसले. तेथे चांगल्या वस्तू मिळण्याचे प्रमाण इतके तुटपुंजे होते की, एका गुहेतून शत्रू भराभर बाहेर येतात हे कळताच, खेळाडू घोळक्याने लांब उभे राहून त्या काळोख्या तोंडावर तासन्‌तास गोळ्या झाडीत राहिले. उत्तम आखलेले प्रदेश, मोहिमा, कथा, सारे सोडून माणसे एका भोकाकडे पाहत होती. कंपनीने ती गुहा निकामी केली. पण खेळाडूंनी तेथे जाऊन दिलेली कैफियत एवढीच होती की, खेळ खेळल्याने जे मिळत नाही ते मिळविण्याची वाट त्यांना तेथे सापडली होती.

शून्याची शक्यता

आतापर्यंतचा फासा बहुतांशी माणसाच्या वेळेवर टाकलेला होता. पैशावर टाकला की त्याची जात बदलते. दक्षिण कोरियातील नेक्सॉन कंपनीच्या 'मेपलस्टोरी' या खेळात २०१० पासून पैसे घेऊन 'क्यूब' विकले जात. क्यूब वापरला की शस्त्राचे सुप्त गुण नव्याने, दैवाने ठरत. आरंभी सर्व गुणांची शक्यता सारखी होती. पुढे लोकांना हवेसे गुण दुर्मीळ करण्यात आले, आणि २०११ पासून काही जोड्या येण्याची शक्यता चक्क शून्यावर आणली गेली, ग्राहकांना न कळविता. अशा जोडीसाठी क्यूब विकत घेत राहिलेला माणूस दुर्दैवी नव्हता. तो ज्या दारावर थाप मारीत होता, त्यामागे खोलीच नव्हती. जानेवारी २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉन दंड केला, आणि त्याच वर्षीच्या मार्चपासून अशा वस्तूंच्या शक्यता जाहीर करणे कोरियात कायद्याने बंधनकारक झाले. बेल्जियमच्या नियामकांनी तर २०१८ मध्येच पैसे घेऊन विकलेल्या, आतील वस्तू दैवाने ठरणाऱ्या पेट्यांना जुगारात काढले होते.

आपल्याकडील न्यायालयांपुढे हा प्रश्न दुसऱ्या वेषात पूर्वीच येऊन गेला आहे. मुंबई राज्य आणि चमारबागवाला यांच्यातील शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांच्या खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्यात यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नाही तो जुगार, अशी रेषा आखली. १९६८ मध्ये रमीला कौशल्याच्या बाजूस बसविले. २०२५ च्या ऑगस्टमधील केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरती ही रेषा पुसली आणि कौशल्य असो वा दैव, सरसकट बंदी केली. मला राहून राहून वाटते ते असे की, कौशल्य आणि दैव या दोहोंखेरीज कष्ट नावाचा तिसरा पक्ष या दाव्यात कधी उभाच राहिला नाही. महिनोन्‌महिने दिलेला वेळ हा कोणाचा, त्याची नोंद कोणी ठेवावी, आणि ज्या सौद्यात तो खर्ची पडतो त्याच्या अटी खेळाडूला आधी कळल्या पाहिजेत की नाहीत, हे प्रश्न कायद्याच्या भाषेत अजून यावयाचे आहेत.

सांगलीत एका ओळखीच्या घरी हेच प्रश्न घरगुती भाषेत चाललेले मी ऐकले. आई पतसंस्थेत नोकरीला, मुलगा दहावीत. तो आपल्या तीन मित्रांसह मोबाइलवर एक लोकप्रिय युद्धखेळ खेळतो. त्याची श्रेणी, म्हणजे 'रँक', उत्तम होती, आणि कोणत्या छपरावर उतरावे, कोणाला पाठीशी ठेवावे, मित्र पडला तर धुराआडून कसे पोचावे, हे तो मला तळमळीने समजावून सांगत होता. त्यानंतर त्याने एक क्रेट उघडून दाखविली. पेटी हलली, तिच्या फटींतून उजेड आला, क्षणभर सोनेरी झाक दिसली आणि ती निळी होत मावळली. आतून एक सदरा निघाला, जो त्याच्याकडे आधीच होता. शक्यतांचा तक्ता एका कोपऱ्यातल्या लहानशा चिन्हामागे, बारीक इंग्रजी अक्षरांत होता. आईने चष्मा लावून तो पहिल्यांदाच वाचला. ज्या बंदुकीच्या रंगरूपासाठी हे चालले होते तिच्यापुढचा आकडा शेकडा एकाच्याही खाली होता.

"आणि आत्तापर्यंत किती झाले?" तिने विचारले. मुलाने वहीच्या मागच्या पानावर बेरीज लिहून ठेवली होती. ती त्याने मुकाट्याने पुढे केली.

तिने ती दोनदा तपासली. "रँकसाठी खेळ," ती म्हणाली, "परीक्षा झाली की अर्धा तास जास्त खेळ. पण पेटीसाठी माझा फोन मागायचा नाही."

"आणि वाढदिवसाला?"

"वाढदिवसाला तो सीझनचा पास घे हवं तर. कितव्या पायरीला काय मिळणार ते त्यात आधीच लिहिलेलं असतं, तूच दाखवलंस ना मला?"